कठड्याच्या अलीकडे

शनिवारी दुपारी फुलं लावायला चर्चमध्ये गेले होते. मे संपत आलेला. दगडी भिंती असूनही आत उकडत होतं आणि बाकांच्या पॉलिशचा जुना वास उन्हानं आणखी दाट झाला होता. झाडणाऱ्या मावशी आल्या त्या दारातच चपला काढून. आमच्या मंडळीत चपला काढायची पद्धत नाही, रविवारी सगळे बूट-सँडल घालूनच बसतात. मावशींनी मागच्या बाकांपासून केर काढत आणला, मधली वाट झाडली, दोन्हीकडचे कोपरे काढले आणि वेदीपुढच्या लाकडी कठड्याशी येऊन त्या थांबल्या. कठड्याचं मधलं दार उघडंच होतं. त्यांनी केर तिथल्या तिथं सुपलीत भरला, झाडू भिंतीला टेकवला आणि पदरानं तोंड पुसत बाहेर गेल्या. त्याच वेळी आत, वेदीपाशी, माईक लावणारा मुलगा वायर ओढत होता. मंडळीतलाच, गुणी मुलगा, दर रविवारी सगळ्यांच्या आधी येतो. वायरचं भेंडोळं, पेचकस आणि अर्धी प्यालेली पाण्याची बाटली त्यानं प्रभुभोजनाच्या मेजावर ठेवली होती. दुसऱ्या दिवशी त्याच मेजावर भाकर आणि प्याला यायचा होता.

कोणाचं काही चुकलं असं मला म्हणता येत नाही. मावशींना कुणी अडवलं नव्हतं आणि त्या मुलाच्या मनात अनादराचा लवलेश नव्हता. पण ती दोन दृश्यं एकाच वेळी डोळ्यांपुढे आली आणि काही केल्या जाईनात. एक बाई उघड्या दारातून तीन पावलं आत टाकत नाही, आणि आपण आत उभे आहोत हे एका मुलाच्या गावीही नाही. देवाच्या घरात वावरायचं कसं, हे या दोघांपैकी कोणाकडून शिकावं?

पवित्र शास्त्र दरवर्षी सलग वाचून काढायचा आमच्या घरात नेम होता, आणि दरवर्षी गाडी निर्गमच्या 25व्या अध्यायाशी अडायची. समुद्र दुभंगला, मान्ना पडला, सीनाय पर्वत धुरानं भरून गेला, इथवर आम्ही भावंडं एकमेकांच्या हातून पुस्तक ओढून वाचायचो. मग सुरू व्हायची निवासमंडपाची, म्हणजे रानातून चालताना इस्राएल लोकांनी बरोबर नेलेल्या देवाच्या तंबूची, मोजमापं. अडीच हात लांब, दीड हात रुंद. कड्या, दांडे, आकडे, चांदीच्या उथळ्या, बकऱ्याच्या केसांचे पडदे. वडील एक शब्द गाळू द्यायचे नाहीत. संडे स्कूलमध्ये आम्ही पुठ्ठ्याचा निवासमंडप केला होता, सोनेरी कागद चिकटवलेला. त्याच्या दोन खोल्या, मधला अंतरपट, अंगणातली होमवेदी, सगळं जागच्या जागी होतं. आता वाटतं, त्या पुठ्ठ्याच्या मंडपात एकच गोष्ट नव्हती आणि तीच मुख्य होती. त्याला वास नव्हता.

खरा निवासमंडप दरवळत, धुमसत असणार. अंगण 100 हात लांब, 50 हात रुंद, दार पूर्वेला. आत पाऊल टाकलं की समोर होमवेदी. अर्पण घेऊन आलेला माणूस जनावराच्या डोक्यावर स्वतःचा हात ठेवायचा आणि वधही स्वतःच करायचा; लेवीयच्या पहिल्याच अध्यायात ते लिहिलं आहे. याजकाचं काम त्यानंतरचं. म्हणजे देवाजवळ येणाऱ्याच्या तळव्याला त्या मुक्या जिवाची ऊब लागायची. मग रक्त, जळणारी चरबी, वाळवंटातलं ऊन, माश्या, लाकडाचा धूर. त्यापुढे पितळी गंगाळ, आणि याजक तिथं हातपाय धुतल्याशिवाय पुढे जात नसत. हे गंगाळ कशाचं केलं होतं, ते निर्गमच्या 38व्या अध्यायात एका ओळीत येऊन जातं: दर्शनमंडपाच्या, म्हणजे याच मंडपाच्या, दाराशी सेवा करणाऱ्या स्त्रियांच्या आरशांचं. त्या काळी आरसे काचेचे नसत, घासून लखलखीत केलेल्या धातूचे असत. त्या बायकांची नावं दिलेली नाहीत. आपलं रूप ज्यात पाहायचं ते त्यांनी देऊन टाकलं आणि त्यातून झालेल्या भांड्यातल्या पाण्यानं पिढ्यानपिढ्या याजकांनी हात धुतले. इतकी वर्षं ही ओळ मी वाचत आले. मुलांना शिकवायला लागल्यावर पहिल्यांदा तिच्यापाशी थांबले. आत जायची परवानगी नसलेल्या बायकांच्या हातची वस्तू ओलांडून कोणताही याजक आत जाऊ शकत नव्हता.

आत गेल्यावर उजव्या हाताला समर्पित भाकरींचं मेज, डाव्या हाताला दीपवृक्ष, समोर धूपवेदी. त्यामागे अंतरपट, आणि अंतरपटापलीकडे कराराचा कोश, देवाच्या आज्ञांच्या दगडी पाट्या ठेवलेली पेटी. तिथं वर्षातून एकदा, प्रायश्चित्ताच्या दिवशी, एकट्या प्रमुख याजकानं जायचं. जातानाचे कपडे मला फार बोलके वाटतात. एरवी त्याच्या अंगावर सोन्याची जर, बारा रत्नांचा ऊरपट, झग्याच्या घोळाला घुंगरं असत. त्या दिवशी मात्र तो साधी तागाची वस्त्रं नेसून आत जायचा. आणि आत गेल्यावरही त्यानं काही डोळे भरून पाहायचं नव्हतंच. धूप आधी पेटवायचा, दयासन, म्हणजे कोशाचं झाकण, धुरानं झाकलं जायचं, म्हणजे तो मरायचा नाही. सगळ्यांत आतल्या खोलीत पोहोचलेल्या माणसालाही धूरच दिसायचा.

कोश बाभळीच्या लाकडाचा. आमच्या नगरकडच्या बांधांवर उभी असते ती बाभूळ आणि सीनायच्या रानातली ती काटेरी झाडं एकाच भावकीतली. बाभूळ म्हणजे शेतकऱ्याच्या औताचं, गाडीच्या चाकाचं लाकूड. तिच्यावर सोनं मढवलं होतं. कोशाला दांडे घातलेले असत आणि त्यांच्याबद्दल एक सक्त हुकूम होता. ते कड्यांतून कधीही काढायचे नाहीत. मुक्काम महिनोन्महिने एका जागी असला तरी नाही. अर्ध्या हाताचाही फरक चालणार नाही इतकी नेमकी मापं सांगणारा देव, आणि तोच कोणत्याही क्षणी उठून चालू लागायच्या तयारीत. ज्यांना पवित्र जागा एकदाची पक्की बांधून कुलूपबंद करायची असते, त्यांनी या दांड्यांपाशी घटकाभर थांबावं असं मला वाटतं.

काही वर्षांपूर्वी मंडळीच्या गटाबरोबर यरुशलेमला जाण्याचा योग आला. बेथलेहेम झालं, गालील झालं, यार्देनेच्या पाण्यात पाय बुडवून झाले. इस्रायल म्युझियममध्ये गाईड घाईत होता, बहुतेक जण दुसऱ्या दालनांकडे वळले, आणि मी एका खोलीवजा कोनाड्यापुढे अडकून पडले. तो अराद इथला गाभारा. अराद म्हणजे यहूदाच्या राज्याचा नेगेव वाळवंटाच्या कडेचा एक किल्ला. पुरातत्त्वज्ञ योहानान आहारोनी यांनी 1962 ते 1967 मध्ये तिथं उत्खनन केलं, तेव्हा किल्ल्याच्या आतच परमेश्वराचं छोटं मंदिर सापडलं. त्याच्या अंगणातली होमवेदी घडीव दगडांची नव्हती. माती आणि न घडलेले धोंडे रचून केलेली होती, निर्गमच्या 20व्या अध्यायात सांगितलं आहे तशी. गाभाऱ्याच्या पायऱ्यांवर चुनखडीच्या दोन धूपवेद्या, एक गुडघ्याएवढी, दुसरी तिच्याहून ठेंगणी. मागे एक उभा, गुळगुळीत दगड, आणि त्याच्यावर तांबड्या रंगाच्या खुणा.

त्या दगडावर माझी नजर खिळली. आपल्याकडे वेशीवर, बांधावर, झाडाखाली शेंदूर लावलेला दगड पाहत वाढलेल्या डोळ्यांना तो दगड परका वाटलाच नाही, आणि तो परका वाटला नाही याचीच धास्ती वाटली. असे उभे दगड मांडू नका असं शास्त्रातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या 16व्या अध्यायात स्पष्ट सांगितलेलं आहे. मग परमेश्वराच्याच किल्ल्यात, परमेश्वराच्याच मंदिरात हा कसा? आम्ही संडे स्कूलमध्ये शिकलो तो इस्राएल फार स्वच्छ होता. एका बाजूला देवभक्त, दुसऱ्या बाजूला मूर्तिपूजक, मध्ये सरळ रेघ. अरादच्या सैनिकांची भक्ती त्या रेघेत बसत नव्हती. पुढे 2020 मध्ये एक संशोधन प्रसिद्ध झालं. धूपवेद्यांच्या माथ्यावर जो काळपट थर साचला होता तो तपासला, तेव्हा मोठीवर ऊद निघाला, जनावराच्या चरबीत मिसळलेला. धाकटीवर निघाला गांजा, शेणात मिसळून मंद जळेल असा. हे वाचून मंडळीतली काही माणसं दुखावली गेली, मीही काही दिवस अस्वस्थ होते. ऊद दक्षिण अरबस्तानातून, उंटांच्या तांड्यांबरोबर शेकडो कोस यायचा. वाळवंटाच्या टोकाशी पहारा करणाऱ्या त्या माणसांनी महागडी वस्तू आणली आणि जाळली. त्यांना देव जवळ यायला हवा होता आणि त्यासाठी जे हाताशी होतं ते त्यांनी केलं, बरं आणि वाईट एकत्र.

या वेद्या सापडल्या त्या आडव्या निजवलेल्या स्थितीत, मातीखाली. मंदिर इ.स.पू. आठव्या शतकात बंद झालं असावं. यरुशलेमबाहेरची उपासनास्थळं हिज्कीया राजानं काढून टाकली तो हा काळ, आणि अनेक अभ्यासक या दोन गोष्टी जोडतात. बैर-शेब्याची मोठी होमवेदी अशीच मोडली गेली आणि तिचे दगड कोठाराच्या भिंतीत बसवले गेले. अरादला मात्र कोणीतरी घण घातला नाही. त्या दोन वेद्या अलगद कुशीवर ठेवल्या आणि वर माती लोटली. मला त्या हातांबद्दल फार आपलेपणा वाटतो. हुकूम मानला, पण ज्यापुढे बापानं आणि आजानं धूप जाळला ते फोडवलं नाही.

आमची आजी असंच करती.

त्याच म्युझियममध्ये दगडाचा दुसरा एक तुकडा आहे. तो पाहायला मी मुद्दाम शोधत गेले. हेरोद राजानं वाढवलेल्या यरुशलेमच्या मंदिराच्या बाहेरच्या अंगणात कोणीही येऊ शकत होतं. पण आतल्या अंगणाभोवती तीन हात उंचीचा दगडी कठडा होता आणि त्यावर ठिकठिकाणी पाट्या लावल्या होत्या. परक्या माणसानं या कठड्याच्या आत येऊ नये, सापडला तर त्याच्या मरणाला तोच जबाबदार, अशा अर्थाची ग्रीक पाटी. एक अखंड पाटी 1871 मध्ये क्लेर्माँ-गानो या फ्रेंच अभ्यासकाला मिळाली, ती आता इस्तंबूलला आहे. यरुशलेममधला हा तुकडा 1935 साली सापडला. अक्षरांच्या खाचांत रंगाचा अंश उरला आहे, लालच. दुरून दिसावी म्हणून अक्षरं रंगवलेली. मी काचेपुढे उभी राहिले आणि माझ्या पोटात खड्डा पडला. ग्रीक मला येत नाही. तरी ती पाटी मला वाचता आली.

आजीचं माहेर नेवासे तालुक्यातलं, वस्ती गावकुसाबाहेरची. माझ्या पणजीनं गावच्या देवळाचा कळस तेवढा पाहिला होता. तोही पाण्याला जाताना, लांबून, हात जोडून. मग घराणं ख्रिस्ती झालं. मिशननं वस्तीत दगडमातीची एक खोली बांधली, आठवडाभर तिथं शाळा भरे आणि रविवारी उपासना. पणजी कित्येक वर्षं त्या खोलीच्या दारातच बसायची. पुढे या म्हटलं की हसायची आणि तिथंच बसायची. तिची मुलगी म्हणजे माझी आजी. ती मात्र पहिल्या रांगेत, स्वतःची चटई स्वतः घालून. पुढे शहरात आल्यावरही तिची जागा पहिल्या बाकावर, वेदीच्या अगदी समोर, आणि कुणी "आजी, जरा मागे बसा" म्हटलं तर तिच्या डोळ्यांत जे पेटायचं ते मी पाहिलं आहे. पण हीच आजी उंबऱ्यावरच डोईवर पदर घ्यायची. उपासनेआधी कुणी गप्पा मारू लागलं तर नुसतं वळून पाहायची. भाकर हातात घेताना तिची बोटं थरथरायची, म्हातारपणाच्या आधीपासून. आत जाण्याचा हक्क कुणापुढे एक तसूभर न सोडणारी बाई आत आल्यावर इतकी लहान होऊन बसायची, की मला वाटतं निवासमंडपाचे सगळे अध्याय तिला न वाचता समजले होते. तिला वाचता येत होतं म्हणा, मिशनच्या शाळेत शिकलेली होती. लेवीय मात्र तिला कंटाळवाणं वाटायचं.

एक गोष्ट इथं सांगायला हवी, कारण ती पाटी दाखवून यहूदी लोकांना नावं ठेवणारी प्रवचनं मी ऐकली आहेत. मोशेच्या मंडपाला असा कठडा नव्हता. शलमोनानं मंदिर देवाला वाहिलं तेव्हाच्या प्रार्थनेत दूर देशाहून आलेल्या परक्याचा वेगळा उल्लेख आहे: तोही या घराकडे तोंड करून मागेल ते त्याला दे. सगळ्या राष्ट्रांसाठी प्रार्थनेचं घर, हे शब्द यशयाचे आणि येशूनं मंदिरात उच्चारले ते तेच. कठडा मागाहून आला, भीतीतून आला, आणि भीतीतून कठडे उभारण्याचं काम कुठल्याही एका लोकांनी केलेलं नाही. लहानपणी रास्ता पेठेत आमच्या ओळखीचं एक बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणारं यहूदी, कुटुंब होतं. एलियाहू हनाबीच्या, म्हणजे एलीया संदेष्ट्याच्या, नावानं मलिदा करत, गोड पोहे, खोबरं, वर फळं मांडलेली. ताट आधी आम्हा मुलांपुढे यायचं. मंदिर इ.स. 70 मध्ये जळालं आणि त्यानंतर त्यांच्या घरातलं मेजच वेदीची जागा चालवत आलं. त्या मेजाशी आम्हाला कुणी परके म्हटलं नाही.

आणि ख्रिस्ती मंडळीनं तरी दुसऱ्याकडे बोट का दाखवावं? लग्न जुळवताना मूळची जात आडून आडून विचारणारी माणसं आमच्या बाकांवरही बसतात.

कठड्या-कठड्यांत फरक असतो, हे मला उज्जीया राजाच्या गोष्टीनं शिकवलं. दुसऱ्या इतिहासाच्या 26व्या अध्यायात आहे ती. राजा पराक्रमी, लढाया जिंकलेला, बुरूज बांधलेला. एके दिवशी धूप जाळायला स्वतःच मंदिरात शिरला. अजऱ्या याजक आणखी ऐंशी याजक घेऊन त्याच्यामागे गेला आणि तोंडावर म्हणाला, हे तुझं काम नाही, बाहेर हो. राजा संतापला आणि तिथंच त्याच्या कपाळावर कोड उठलं. मरेपर्यंत तो वेगळ्या घरात राहिला. लहानपणी ही गोष्ट मला नुसती भयंकर वाटायची. आता तिच्यात एक मोठा दिलासा वाटतो. ती सीमा राजालाही अडवत होती. गुराख्याला आणि राजाला एकाच रेघेवर थांबवणारी सीमा देवाच्या पवित्रपणाची असते. ज्या रेघेवर काही माणसंच थांबतात आणि बाकीची विचार न करता आत-बाहेर करतात, ती रेघ माणसानं ओढलेली असते, मग तिला नाव कोणाचंही द्या.

तरी हे इतकं सरळ नाही, हेही कबूल करायला हवं. लेवीयच्या 21व्या अध्यायात आंधळा, लंगडा, मोडक्या हाताचा याजक वेदीशी येऊ नये असं लिहिलेलं आहे. माझ्या मैत्रिणीचा मुलगा व्हीलचेअरवर आहे. तिच्याबरोबर हा अध्याय वाचताना मला वर पाहवेना. पुढच्याच ओळीत म्हटलं आहे की देवाची भाकर मात्र त्यानं खावी, परमपवित्र भाकरही. वेदीशी नाही, पण पंगतीत आहे. ही अर्धी दिलेली जागा यशयाच्या 56व्या अध्यायात आणखी रुंद होते, तिथं खोज्याला आणि परक्याला देव स्वतः आपल्या घरात नाव देतो. शास्त्रातच हा रस्ता हळूहळू रुंद होताना दिसतो, एका दमात होत नाही. येशू वधस्तंभावर होता आणि मंदिराचा अंतरपट वरपासून खालपर्यंत फाटला त्या शुक्रवारी तो पूर्ण मोकळा झाला, असा माझा विश्वास आहे. पण अंतरपट फाटला तो कोणाच्या तरी मरणाबरोबर फाटला. हे विसरलं की मग मेज म्हणजे सामान ठेवायची जागा होते.

अंतरपटापलीकडे त्या वेळी काय होतं, हा प्रश्न संडे स्कूलमधली मुलं हमखास विचारतात. काहीच नव्हतं. इ.स.पू. 586 मध्ये बाबेलच्या लोकांनी शलमोनाचं मंदिर जाळलं, त्यानंतर कोश कुणी पाहिला नाही. बाबेलच्या बंदिवासातून परत आलेल्या लोकांनी दुसरं मंदिर बांधलं, पडदा टांगला आणि पडद्यामागे रिकामी खोली ठेवली. इ.स.पू. 63 मध्ये रोमन सेनापती पाँपेय मोठ्या कुतूहलानं आत शिरला; आत देवाची प्रतिमा नव्हती, जागा रिकामी होती, असं रोमन इतिहासकार टॅसिटस लिहून गेला आहे. पाँपेयला ती रिकामी दिसली. पण त्याच रिकाम्या खोलीत पिढ्यानपिढ्या प्रमुख याजक तागाची वस्त्रं नेसून, धूप घेऊन, जिवाच्या भीतीनं जात होते. हातात धरावं, डोळ्यांनी पाहावं असं काही उरलं नव्हतं आणि भय मात्र उणावलं नव्हतं. माझे प्रार्थनेचे कोरडे महिने जातात, शब्द छताला लागून परत येतात, तेव्हा मला आधार लाल समुद्राचा वाटत नाही. त्या रिकाम्या खोलीत वर्षातून एकदा जाणाऱ्या माणसाचा वाटतो.

पुढच्या शनिवारी मी मावशींना विचारलंच. म्हटलं, आतही झाडून घ्या ना. "नको ताई," त्या म्हणाल्या, "तिथं देवाचं असतं. आमच्या गावीपण गाभाऱ्यात जात नाही मी." का जात नाही, जाऊ देत नाहीत की जावंसं वाटत नाही, हे मला पुढे विचारवेना. पणजीच्या हसण्यात काय होतं तेही कुणी विचारलं नसावं. भय आणि सवय त्यांच्यात इतकी एकजीव झालेली, की सोडवायला गेलं तर दोन्ही फाटायची.

आमच्या चर्चची डागडुजी यंदा निघाली आहे आणि कठडा काढून टाकावा असं काही पंचांचं म्हणणं आहे. वेदी मोकळी दिसेल, तरुण मुलांच्या गायनाला जागा होईल. मी कठड्याच्या बाजूनं बोलले. प्रभुभोजनाच्या वेळी आम्ही सगळे त्या कठड्याशी गुडघे टेकतो. डॉक्टर, शिपाई, पेन्शनर, परवा बाप्तिस्मा झालेली मुलगी, खांद्याला खांदा. कोणी एक वीत पुढे नसतो. आणि भाकर तिकडून इकडे येते, कठडा ओलांडून. सगळ्यांना एका रेघेवर थांबवणारी एवढी एकच जागा आमच्याकडे उरली आहे, ती काढू नका, असं म्हटलं. मधलं दार मात्र बिजागरीसकट काढा. निर्णय अजून झालेला नाही.

हे सगळं बोलून घरी आले आणि कोरह आठवला. गणनाच्या 16व्या अध्यायातला. तो मोशेला आणि त्याचा भाऊ, प्रमुख याजक अहरोन याला विचारतो: सगळी मंडळी पवित्र आहे, परमेश्वर त्यांच्यामध्ये आहे, मग तुम्ही स्वतःला उंच का करता? गावकुसाबाहेरच्या घरातून आलेल्या कुणालाही हा प्रश्न आपला वाटेल. आजीनं हाच प्रश्न जन्मभर न बोलता विचारला. आणि शास्त्रात कोरहाला शिक्षा होते, त्याच्या साथीदारांना जमीन गिळते, धूप घेऊन उभे राहिलेले अडीचशे जण जळून जातात. मोठे होता होता मला सांगितलं गेलं की त्याला अधिकाराची हाव होती, तो लेवी, म्हणजे मंडपाची सेवा करणाऱ्या वंशातला, होताच, त्याला याजकपण हवं होतं. खरंही असेल. पण त्याचं वाक्य चुकीचं होतं असं मला अजून कुणी पटवून देऊ शकलेलं नाही. पेत्राच्या पत्रात आपण सगळे याजकच म्हटले गेलो आहोत. दहा अध्यायांनंतर एक छोटी ओळ येते, की कोरहाचे मुलगे मात्र मेले नाहीत. इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात त्यांचे वंशज भेटतात ते मंडपाचे द्वारपाळ म्हणून, उंबरठ्यावर. आणि 84वं स्तोत्र कोरहाच्या मुलांचं आहे: चिमणीला वेदीजवळ घर मिळालं, दुष्टांच्या तंबूंत राहण्यापेक्षा माझ्या देवाच्या दाराशी उभं राहणं मला बरं. त्यांना आत जाऊ दिलं नाही म्हणून ते दारात गात होते, की दारातूनच त्यांना पुरेसं दिसत होतं, मला ठरवता येत नाही.

येत्या रविवारचा शास्त्रपाठ माझ्याकडे आहे. 84वं स्तोत्र ठरलंच होतं, मी त्याआधी गणनाचा 16वा अध्यायही अख्खा वाचायचं ठरवलं आहे. पाळकसाहेब म्हणाले, लांब होईल, आणि लोक विचारतील हा कशाला वाचला. विचारू देत म्हटलं, उपासनेनंतर चहाला मी थांबणारच आहे.